मुंबईत राहायचं की निघायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराचा हप्ता, मुलांची शाळा, गावचं घर, पागडीची (मालकाला एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेली) खोली यांवर आमच्याकडे सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला जोडलेलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. आकड्यांची उदाहरणं हिशेबाची पद्धत कळावी म्हणून आहेत. त्यात आपले आकडे घालून पाहा.

१. लोक खरंच मुंबई सोडतायत की ही नुसती चर्चा आहे?

सोडतायत, पण बहुतेकांचा मुक्काम लोकलच्या टप्प्यातच असतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते माहीम-शीवपर्यंतच्या भागाची, लोकसंख्या ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आली. त्याच काळात उपनगर जिल्हा ८६.४० लाखांवरून ९३.५७ लाखांवर गेला आणि तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावातला रोजगार आटला, गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले आणि चाळीतल्या पुढच्या पिढीने डोंबिवली, विरार, पनवेल गाठलं.

त्याच जनगणनेत लोकसंख्या घटलेले राज्यातले आणखी दोन जिल्हे म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. ‘मुंबईकर गावी परतला’ असं चित्र त्या आकड्यांत दिसत नाही. मुंबईतून निघालेला माणूस मुंबईच्या कडेला जाऊन राहिला, असंच ते आकडे सांगतात.

२. एवढं महाग असूनही लोक का राहतात?

घरातला एकच माणूस मुंबईवर अवलंबून असेल तर निघणं सोपं असतं. अडतं ते दुसऱ्या माणसापाशी. नवऱ्याला पुण्यात नोकरी मिळते, पण बायकोची बँकेतली बदली होत नाही. मुलगी दहावीत असते. सासऱ्यांची केमोथेरपी परळला चालू असते. शेजारची काकू शाळेतून आलेल्या मुलाला तासभर सांभाळते, म्हणून दोघांना नोकरी करता येते. ही मदत पैशांत मोजायची, तर पाळणाघर आणि वरकामाच्या बाईचा महिन्याचा खर्च मांडून पाहा.

म्हणून आम्ही पहिला हिशेब घरभाड्याचा मांडत नाही. घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहायचं आणि त्याचं मुंबईवाचून काय अडेल ते पुढे लिहायचं. दोनपेक्षा जास्त नावांपुढे ठोस उत्तर आलं, तर घरभाड्यात वाचणारी रक्कम दुसरीकडून निघून जाण्याचीच शक्यता जास्त.

३. भाड्याने राहणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं ना? हप्ताच भरलेला बरा?

उदाहरण घेऊ. फ्लॅटची किंमत १ कोटी २५ लाख. ७५ लाखांवरच्या कर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के देते, म्हणजे ९३.७५ लाख. उरलेले ३१.२५ लाख तुमचे. त्यावर मुंबईतलं मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे साडेसात लाख (घर फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर ५ टक्के), आणि नोंदणी फी ३०,०००. ही रक्कम सहसा कर्जात बसत नाही. अनेकांचं गणित इथेच कोलमडतं, कारण त्यांनी फक्त ‘डाऊन पेमेंट’ जमवलेलं असतं. दलाली आणि फर्निचर वेगळं. ८.५ टक्के व्याजाने २० वर्षांचा हप्ता साधारण ८१,४०० रुपये येतो.

तसाच फ्लॅट ३५,००० ला भाड्याने मिळत असेल, तर महिन्याला ४६,००० चा फरक पडतो. तो दरमहा खरोखर बाजूला टाकणाऱ्याला भाड्याचं घर महाग पडत नाही. खर्च करून टाकणाऱ्याला पडतं. आमचं मत असं: पुढची सात-आठ वर्षं त्याच भागात राहायचं नक्की नसेल तर विकत घेऊ नका, कारण मुद्रांक शुल्क आणि दलालीच भरून निघत नाही.

४. बदलापूर, विरार, पनवेलला घर निम्म्या किमतीत मिळतं. मग अडचण काय?

अंतरं आधी पाहा. सीएसएमटीपासून पनवेल ४९ किलोमीटर, कल्याण ५४, बदलापूर ६८, कर्जत १००, आणि चर्चगेटपासून विरार ६०. मध्य आणि पश्चिम मार्गावर जलद लोकल आहे, हार्बरवर नाही. त्यामुळे अंतर कमी असूनही पनवेलचा प्रवास कल्याणपेक्षा जास्त वेळ खातो.

खरा वेळ दारापासून दारापर्यंतचा धरायचा. घर ते स्टेशन रिक्षा, तिची रांग, पूल चढणं, लोकल, उतरल्यावर शेअर टॅक्सी किंवा मेट्रो. बदलापूर पूर्वेच्या आतल्या भागातून फोर्टला येणाऱ्याचे दिवसाला साडेचार तास सहज जातात. महिन्याला २५ दिवस धरले तर ११० तासांहून जास्त. ज्या घरात दोघेही इतका प्रवास करतात, तिथे मूल झाल्यावर एक नोकरी सुटते, आणि सुटते ती बहुधा बाईची. स्वस्त घराच्या किमतीत हा गेलेला पगार कुणी मिळवत नाही, म्हणून आम्ही तो मुद्दाम इथे लिहितो.

दुसरा मुद्दा पाण्याचा. मुंबई महापालिकेला विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात जलाशयांचं पाणी मिळतं. लांबच्या उपनगरांतल्या नव्या इमारतींना मार्च ते जून टँकर लागतो आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये येतात. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे मागच्या एप्रिल-मेची टँकरची बिलं मागा. बिल्डर ‘पाणी आहे’ म्हणतो, पण पाण्याची जोडणी किती इंची आणि किती फ्लॅटना, ते सांगत नाही.

हे सगळं बसत असेल, किंवा नोकरीच ठाणे, ऐरोली, तळोजा भागात असेल, तर तिकडे जाणं अगदी शहाणपणाचं आहे.

५. तिथे फ्लॅट घेताना कोणते कागद बघायचे? महारेरा नंबर असला की झालं ना?

नाही. डोंबिवलीतल्या ६५ इमारतींसाठी महापालिकेची बनावट परवानगीपत्रं जोडून महारेरा (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नोंदणी मिळवली गेली होती. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. हप्ते भरणारी कुटुंबं रस्त्यावर येण्याची वेळ आली.

क्रम असा ठेवा. महारेराच्या संकेतस्थळावरून प्रकल्पाचं बांधकाम परवानगीपत्र, म्हणजे सीसी, उतरवून घ्या. त्यावरचा क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि त्यांच्या नोंदीशी जुळवा. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरचं मालकाचं नाव आणि बिल्डरच्या विकसन करारातलं नाव एकच आहे का ते पाहा. वकिलाकडून जमिनीच्या मालकीचा ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मागा. ओसी मिळालेल्या फ्लॅटवर जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के लागतो, आणि ४५ लाखांपर्यंतच्या, ६० चौरस मीटरपर्यंत कार्पेट असलेल्या घरावर १ टक्का. एखाद्या बँकेने त्या इमारतीत कर्ज दिलं, हा इमारत अधिकृत असल्याचा पुरावा समजू नका.

बदलापूर, वांगणी, टिटवाळा भागात नदीची पूररेषाही तपासा. २७ जुलै २०१९ला उल्हास नदीच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली होती. जागा उन्हाळ्यात बघितलेल्यांना ते पाणी कुठवर येतं हे दिसत नाही. निळी (साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) आणि लाल (१०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) पूररेषा नकाशावर मागून घ्या.

६. पुण्यात राहून मुंबईला रोज ये-जा जमेल?

काहींना जमते. १ जून १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटते, साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला पोचते आणि संध्याकाळी पाच दहाला परत निघते. अकराचं फोर्टमधलं ऑफिस असेल आणि पाचच्या आत निघता येत असेल तरच हे वेळापत्रक बसतं. बीकेसी किंवा अंधेरीला जाणाऱ्याला बसत नाही. पावसाळ्यात कर्जत-लोणावळा घाटात दरड कोसळली की पहिल्यांदा याच गाड्या रद्द होतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस ऑफिस असेल तर विचार करा. रोजचं असेल तर नको.

७. ऊन आणि घाम सोसवत नाही. नाशिक-पुणे किंवा कोकणात गेलो तर फरक पडेल?

पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि नाशिकचीही उंची जवळपास तेवढीच. तिथे एप्रिलच्या दुपारी पारा मुंबईपेक्षा वर जातो, पण हवा कोरडी असते आणि रात्री झोप लागते. कोकण किनाऱ्यावरचा दमटपणा मुंबईसारखाच. फरक काँक्रीट कमी आणि झाडं जास्त एवढाच, तोही वीज असेपर्यंत.

मुंबईत मार्च आणि ऑक्टोबरमध्ये पूर्वेकडचे वारे जोर धरतात, समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा सुरू होतो, आणि तेवढ्या वेळात तापमान चढतं. शेवटचा मजला आणि पश्चिमेची भिंत असलेल्या घराला हे सगळ्यात जास्त जाणवतं. शहर सोडण्याआधी सोसायटीच्या गच्चीवर पांढऱ्या चायना मोझॅकचा थर आणि पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून चिका (बांबूच्या काड्यांचे पडदे) लावून पाहा. आतून लावलेल्या पडद्याने काच तापायची थांबत नाही.

८. गावी आजोबांचं घर आहे. तिथे कायमचं राहायला जायचंय. सुरुवात कुठून करू?

कागदांपासून, आणि ती गणपतीच्या सुट्टीत नाही, कारण तेव्हा कार्यालयंही सुट्टीत असतात.

सातबारा आणि आठ-अ (एका खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) ऑनलाइन काढा. त्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर वारस नोंद करावी लागेल. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठ्याकडे (आताचं पद ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क प्रणालीवर द्या. नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, मंजूर करतात. इथे सर्वांत जास्त वेळा जे चुकतं ते म्हणजे आत्यांची नावं गाळणं. मुलींचा हिस्सा मुलांइतकाच आहे. त्यांना सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्या. तोंडी ‘मला काही नको’ यावर घराला पैसे लावू नका.

घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टी आकारणीचा उतारा) आणि स्वामित्व योजनेत (गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी) मोजणी झाली असल्यास मिळकत पत्रिका घ्या. घरपट्टी कोणाच्या नावाने येते तेही बघा.

मग घर. चिऱ्याच्या भिंती टिकतात. वासे, रिपा आणि दारांच्या चौकटी वाळवी खाते. कौलारू छपराची शाकारणी मे संपायच्या आत व्हायला हवी. माकडं कौलं फोडतात, म्हणून आता बरेच जण वर पत्रा घालतात. त्याने उष्णता आणि पावसाचा आवाज दोन्ही वाढतात. विहिरीला मेच्या शेवटच्या आठवड्यात किती पाणी असतं ते शेजाऱ्यांना विचारा. घरून काम करणार असाल तर पावसाळ्यात वीज सलग काही तास, कधी दिवसभरही जाते, म्हणून इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट लागेल.

एक मे आणि एक जुलै तिथे राहून पाहिल्याशिवाय मुंबईतलं घर विकू नका. मेमध्ये पाणी कळतं, जुलैत घर कळतं.

९. गावी थोडी शेतजमीन विकत घेता येईल?

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. वडिलोपार्जित सातबाऱ्यावर तुमचं नाव लागलेलं असेल तर शेतकरी असल्याचा पुरावा तयार होतो. म्हणून प्रश्न ८ मधली वारस नोंद आधी करा. नाव नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते किंवा बिनशेती झालेला भूखंड पाहावा लागतो. ‘नंतर करून देतो’ म्हणणाऱ्याला विसार देऊ नका.

१०. निघताना मुंबईतला फ्लॅट भाड्याने देऊ. ११ महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही ना?

लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं प्रमाण धरलं जातं.

खर्च फार नाही. भाडं ४०,००० आणि मुदत ३६ महिने धरली तर एकूण भाडं १४.४० लाख. परत करायच्या २ लाख अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के, म्हणजे तीन वर्षांचे ६०,००० त्यात मिळवायचे. १५ लाखांवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ३,७५० रुपये. शहरी भागात नोंदणी फी १,०००. ऑनलाइन होतं, अंगठ्याचे ठसे घरी येऊन घेतात. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरा.

सोसायटीला कळवायचं, पण ती बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावू शकत नाही. घरात तुमचे आई-वडील, मुलं किंवा भावंडं राहत असतील तर हे शुल्क नाहीच.

११. विकला तर कर किती?

दोन वर्षांहून जास्त काळ ताब्यात असेल तर नफा दीर्घकालीन. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला दोन पर्याय आहेत: महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के, किंवा लावून २० टक्के. दोन्ही मांडून बघा. २००४-०५ मध्ये १८ लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५-२६ मध्ये १ कोटी ४० लाखांना विकला, तर निर्देशांक ११३ वरून ३७६ झालेला असल्याने खरेदी किंमत ५९.८९ लाख धरली जाते आणि २० टक्क्यांनी कर १६.०२ लाख येतो. निर्देशांक न लावता १५.२५ लाख. इथे निर्देशांक न लावण्याचा पर्याय बरा.

विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर कर नाही. गावी नवं घर बांधणाऱ्यालाही हे लागू आहे, पण बिलं आणि परवानगी जपून ठेवा. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर झालं नसेल तर रक्कम भांडवली नफा खात्यात टाकावी लागते. साध्या मुदत ठेवीत ठेवली तर सवलत जाते. वडिलांकडून आलेल्या घराला त्यांची खरेदी किंमत आणि तारीख लागते.

१२. आमची लालबागला पागडीची खोली आहे. कुलूप लावून पुण्याला गेलो तर चालेल?

इथे जपून. पुरेशा कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर मालकाला रिकामी करून मागण्याचं कारण मिळतं. मालकाच्या परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं हेही तसंच कारण आहे. वीजबिल शून्यावर आलं की तेच कागद न्यायालयात मांडले जातात.

दुसरी अडचण वारसाची. भाडेकरू वारला तर त्याच्या मृत्यूवेळी सोबत राहणारा कुटुंबीय आधी भाडेकरू होतो. पुण्याला गेलेल्या मुलाचा हक्क त्यानंतर येतो. त्यामुळे वडील खोलीत एकटे आणि दोन भाऊ बाहेर, अशी स्थिती असेल तर भाड्याची पावती कोणाच्या नावावर करायची हे वडील असतानाच मालकाशी बोलून लेखी घ्या. पागडीची खोली विकायची तर मालकाची संमती आणि त्याचा हिस्सा ठरवावा लागतो, आणि घेणाऱ्याला त्यावर बँकेचं गृहकर्ज मिळत नाही, म्हणून गिऱ्हाईक कमी असतं.

१३. इमारत पुनर्विकासाला जाणार असं दहा वर्षं ऐकतोय. थांबू का?

उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी म्हाडाचा उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीत मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) खाली भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट मिळतात, त्यामुळे १६०-१८० फुटांच्या खोलीवाल्याने थांबण्यात अर्थ आहे. पण ‘चर्चा चालू आहे’ यावर आयुष्य थांबवू नका. विकासकाशी नोंदणीकृत करार झाला का, महापालिकेची मंजुरी आली का, पर्यायी घराचं भाडं आगाऊ धनादेशांनी मिळणार का, या तिन्हींचं उत्तर ‘हो’ आल्याशिवाय घर रिकामं करू नका.

नव्या घरात गेल्यावरची गोष्ट आधी कुणी सांगत नाही. चाळीत महिन्याला काहीशे रुपये देणाऱ्या कुटुंबाला लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, सुरक्षा रक्षक आणि यांत्रिक पार्किंगचा मेंटेनन्स येतो. निवृत्तिवेतनावर जगणारे जोडपे इथेच घर विकून निघते. म्हणून कॉर्पस निधी (विकासक रहिवाशांना देतो ती एकरकमी रक्कम) प्रत्येकाच्या हातात न घेता सोसायटीच्या ठेवीत ठेवावा आणि व्याजातून मेंटेनन्स भागवावा, असा आमचा आग्रह आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत मालमत्ता कर माफ आहे, हेही हिशेबात धरा.

१४. मुंबई सोडली तर म्हाडाच्या सोडतीचा हक्क जातो का?

जात नाही. अधिवास महाराष्ट्रातला लागतो, १५ वर्षांचा, मुंबईतलाच असावा असं नाही. मात्र त्या मंडळाच्या कार्यक्षेत्रात तुमच्या, जोडीदाराच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावावर घर नसावं. मुंबई मंडळ आणि कोकण मंडळ वेगळी आहेत. मुंबईत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम गट. लागलेलं घर पाच वर्षं विकता येत नाही.

१५. मुलांच्या शाळेचं काय? कोणत्या वर्षी हलावं?

आठवीपर्यंत दाखल्याला उशीर झाला म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, तेव्हा सातवीच्या आत हलणं सोपं. शाळा सोडल्याचा दाखला घेताना जुन्या शाळेला ऑनलाइन नोंदही वर्ग करायला सांगा, नाहीतर मूल दोन शाळांच्या पटावर दिसतं.

राज्याबाहेर जाणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: महाराष्ट्राच्या कोट्यातून एमबीबीएसला प्रवेश हवा असेल तर अधिवासाबरोबर दहावी आणि बारावीही महाराष्ट्रातून उत्तीर्ण लागते. काही सरकारी बदल्यांना सूट आहे. गोवा किंवा बंगळूरला आठवी-नववीत जाणाऱ्यांना हे बारावीनंतर कळतं आणि तेव्हा उपाय नसतो.

१६. आई-वडिलांना गावी ठेवायचं की आमच्याजवळ?

आजार काय आहे त्यावर ठरवा. रक्तदाब आणि साखर आटोक्यात असेल तर गाव चालतं. कर्करोग, डायलिसिस, हृदयाची शस्त्रक्रिया झालेली असेल तर जवळचं केंद्र किती मिनिटांवर आहे हे आधी बघा. परळचं टाटा मेमोरियल आणि केईएम यांच्यासाठी अख्खा महाराष्ट्र मुंबईला येतो. दक्षिण सिंधुदुर्गातले रुग्ण गोव्यात बांबोळीला नेले जातात. फाईल, तपासण्या आणि औषधांच्या चिठ्ठ्या यांचा एक संच गावच्या डॉक्टरकडे ठेवा.

१७. गेलो आणि जमलं नाही, तर परत येता येईल?

भाड्याच्या घरातून गेलात तर येता येईल. फ्लॅट विकून गेलात तर परत तसाच घेताना प्रश्न ३ मधलं मुद्रांक शुल्क आणि दलाली पुन्हा भरावी लागेल, तीही नव्या किमतीवर. म्हणून पहिली दोन वर्षं मुंबईतलं घर भाड्याने द्या आणि नव्या ठिकाणी स्वतः भाड्याने राहा. करारात दोन महिन्यांच्या नोटिशीने घर परत घेता येईल असं कलम घाला. करमाफीसाठी (प्रश्न ११) घाईने दुसरं घर घेण्याची वेळही मग येत नाही.

१८. पत्ता बदलल्यावर काय काय करायचं?

आधी आधार, कारण बाकी ठिकाणी तोच पुरावा लागतो. मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरा. नवीन नोंदणीचा फॉर्म ६ भरलात तर नाव दोनदा येतं. रेशनवरचं धान्य दुसरीकडच्या दुकानातही अंगठा देऊन मिळतं, पण कार्ड कायमचं हलवायचं तर जुन्या शिधावाटप कार्यालयातून वर्ग करून घ्या. पाईपच्या गॅसची जोडणी बंद करताना अनामत रक्कम परत मागा. वाहन राज्याबाहेर बारा महिन्यांहून जास्त राहणार असेल तर मुंबईच्या आरटीओची ना-हरकत घेऊन तिथे नव्याने नोंदवावं लागतं.